एक जन्मतारीख आणि जालन्यातली पाच माणसं

३३५. भारतातल्या एवढ्याच माणसांनी 'धिस इज युवर डिजिटल लाइफ' नावाचं अ‍ॅप आपल्या फेसबुक खात्यावर स्वतःच्या हाताने सुरू केलं होतं. स्वभाव कसा आहे ते सांगणारी ती एक चाचणी होती. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकवरची माहिती परस्पर वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण जगभर गाजत असताना फेसबुकने भारतातल्या संभाव्य बाधितांची संख्या जाहीर केली, ती होती ५,६२,४५५. यातल्या ५,६२,१२० जणांनी काहीच केलेलं नव्हतं. त्यांनी अ‍ॅप उघडलं नाही, परवानगी दिली नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही. त्या ३३५ पैकी कुणी तरी त्यांच्या फ्रेंडलिस्टमध्ये होतं, एवढाच त्यांचा संबंध. भागाकार केला तर एकेका माणसामागे सरासरी १,६७८ जणांची माहिती गेली.

२०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. कुंडलिकेच्या एका काठावरचं जुनं जालना आणि दुसऱ्या काठावरचं नवीन जालना मिळून जेवढी माणसं होतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसांची माहिती ३३५ जणांच्या होकाराने बाहेर गेली. ३३५ माणसं तर सदर बाजारातल्या लग्नात एका पंगतीला बसतात.

मित्रांची माहिती अ‍ॅपला देण्याची ती सोय फेसबुकने एप्रिल २०१५ मध्येच बंद केली होती. पण आकड्यातून दिसणारी गोष्ट आजही तशीच आहे. समाजमाध्यमांवरच्या सुरक्षिततेचा सगळा सल्ला एकट्या माणसाला दिला जातो: पासवर्ड मजबूत ठेवा, सुरक्षित ब्राउझर वापरा, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. आपली माहिती आपल्या एकट्याच्या फोनमध्ये नसते. ती मावसभावाच्या फोनमध्ये असते, क्लासच्या ग्रुपमध्ये असते, मोंढ्यातल्या अडत्याच्या संपर्कयादीत असते. म्हणून कोणत्या उपायाने किती गळती थांबते हे आधी आकड्यांतून पाहायला हवं. नाहीतर सगळी मेहनत लहान भोकावर जाते आणि मोठं भोक उघडंच राहतं.

नंबर हीच ओळख

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोनमध्ये नवा नंबर साठवला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की नाही हे लगेच दिसतं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांनी हीच साधी सोय यंत्राकडून वापरून घेतली. तासाला १० कोटींहून जास्त नंबर तपासले, आणि कंपनीच्या यंत्रणेने त्यांना अडवलं नाही. हाती आली जगभरातली ३५० कोटी खाती. त्यातली भारतातली जवळपास ७५ कोटी, आणि या भारतीय खात्यांपैकी ६२ टक्क्यांचा डीपी कुणालाही दिसेल असा उघडा होता. संशोधकांनी हे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीला आधीच कळवलं होतं आणि त्यानंतर कंपनीने तपासण्याचा वेग रोखला.

आपला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर ४०० कोटी. त्या संशोधकांच्या वेगाने ते सगळे तपासायला ४० तास, दोन दिवससुद्धा नाहीत. 'माझा नंबर त्यांना कुठून मिळाला?' असं फसवणूक झालेला माणूस हमखास विचारतो. नंबर कुणी द्यावाच लागतो असं नाही, तो मोजतामोजता सापडतो. नंबराला चेहरा आणि नाव मात्र आपणच जोडून देतो.

एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३.३ कोटी फेसबुक खात्यांची माहिती इंटरनेटवर फुकट सापडू लागली. त्यात भारतातली सुमारे ६१ लाख खाती होती, आणि तिथेही वाट हीच होती, संपर्कयादी चढवून ओळखीचे लोक शोधण्याची सोय. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने त्याबद्दल नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाला २६.५ कोटी युरोंचा दंड केला. चार वर्षांच्या अंतराने दोनदा तेच दार सापडलं.

नवीन जालन्यातला दिवस पाहिला तर नंबर किती ठिकाणी पोहोचतो ते कळतं. सोयाबीनच्या भावाचा ग्रुप, मोसंबी बागायतदारांचा ग्रुप, औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांचा ग्रुप, मुलांच्या शाळेचा, गल्लीचा, समाजाचा, लग्न जुळवणाऱ्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. असा एक भरलेला ग्रुप म्हणजे तुमचा नंबर आणि डीपी एकदम १,०२३ जणांसमोर, आणि त्यातले बहुतेक तुम्ही कधी न पाहिलेले. ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही. भाव कळण्यासाठी शेतकऱ्याला तो लागतोच. पण डीपी, 'लास्ट सीन' आणि 'अबाउट' फक्त संपर्कयादीतल्यांना दिसावेत, आणि आपल्याला परस्पर कुठल्याही ग्रुपमध्ये टाकता येऊ नये, या सेटिंग प्रायव्हसीच्या भागात आहेत. सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे. त्या ६२ टक्क्यांतून बाहेर पडायला एवढं पुरतं.

पाच माणसांचा हिशेब

आता थोडं गणित करू, कारण जालन्यासारख्या शहराला ते मुंबईपेक्षा जास्त लागू पडतं.

अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पत्त्याचा पोस्टल कोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या ८७ टक्के लोकांना एकेकटं ओळखता येतं. नाव लागत नाही. हाच हिशेब जालन्यात मांडून पाहा. शून्य ते ऐंशी वयाच्या माणसांच्या जन्मतारखा साधारण २९,२२०. प्रत्येक तारखेचे स्त्री आणि पुरुष असे दोन खाने केले की ५८,४४० खाने होतात. त्यात शहरातली २,८५,५७७ माणसं सारखी वाटली तर एका खान्यात सरासरी ४.९ माणसं येतात. म्हणजे पाच. प्रत्यक्षात वाटणी सारखी नसते. विशीतल्यांच्या खान्यात सात-आठ असतील आणि साठी ओलांडलेल्यांच्या खान्यात दोन-तीन. शहर २०११ नंतर वाढलंही आहे. तरी आकडा एका हाताच्या बोटांच्या आसपासच राहतो.

आता याला 'नवीन जालना' एवढंच जोडा. शहराचा अर्धा भाग गळून पडला की उरतात दोन-तीन माणसं. कादराबाद किंवा बडी सडक म्हटलं, की बहुतेकदा एकच. आडनावाची गरजसुद्धा लागत नाही. दीड-दोन कोटींच्या महानगरात याच खान्यात कित्येक माणसं असतात. लहान शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात हे आपलं बळ आहे, आणि माहितीच्या बाबतीत तेच आपलं उघडेपण आहे.

आपल्याकडे वाढदिवस चौकात साजरा होतो. फ्लेक्सवर फोटो, नाव, कितवा वाढदिवस, शुभेच्छुकांची नावं, आणि पुष्कळदा मोबाइल नंबरही. तोच फ्लेक्स स्टेटसला येतो, तिथून इन्स्टाग्रामवर जातो आणि तिथेच राहतो. नगरपालिका किंवा महापालिका चौकातला फ्लेक्स कधी तरी उतरवते, इंटरनेटवरचा कुणी उतरवत नाही. मला शुभेच्छांबद्दल तक्रार नाही. माझा मुद्दा जन्मवर्षाचा आहे. आधारची जी पीडीएफ आपण डाउनलोड करतो, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. हे गुपित नाही, आधार प्राधिकरण स्वतःच सगळ्यांना सांगतं. कित्येक बँकांची खातेउतारा पीडीएफसुद्धा जन्मतारखेने उघडते. 'चाळिसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' या ओळीतून जन्मवर्ष कळतं, आणि नाव फ्लेक्सवर असतंच. सेवा केंद्रातल्या संगणकावर किंवा एखाद्या ग्रुपमध्ये राहून गेलेली आधारची पीडीएफ ज्याच्या हाती लागेल, त्याला तिचं कुलूप उघडायला फ्लेक्सचा फोटो पुरतो.

यावर उपाय सोपा आहे. वाढदिवस साजरा करा, वर्ष गाळा. फेसबुकवर दिवस-महिना आणि वर्ष यांची दृश्यता वेगवेगळी ठेवता येते. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं, बाकीचे झाकलेलं आधार द्या. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं.

स्थळांचंही असंच आहे. २०१३ मध्ये युरोपातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्यावर संशोधकांना दिसलं, की चार वेळचं ठिकाण कळलं तर ९५ टक्के माणसं एकेकटी ओळखू येतात. घर, कामाची पाळी, मुलाचा क्लास आणि मम्मादेवीचं मंदिर. चार ठिकाणं झाली.

कुलपाचं चिन्ह काय सांगतं

आता ब्राउझरकडे येऊ, कारण 'सुरक्षित ब्राउझिंग' म्हटलं की लोकांच्या मनात तोच असतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचं फायरफॉक्सला जोडता येणारं छोटं साधन फुकट वाटलं. एकाच उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाचं फेसबुक खातं त्यातून दोन क्लिकमध्ये उघडता यायचं, कारण तेव्हा लॉगइननंतरची वाहतूक कूटबद्ध नव्हती. मोठ्या कंपन्यांचे डोळे उघडावेत म्हणून त्याने हे केलं, आणि ते उघडले. जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने कूटबद्ध वाहतुकीचा, म्हणजे एचटीटीपीएसचा, पर्याय दिला आणि २०१३ पर्यंत तो सगळ्यांना आपोआप लागू केला. गूगलच्या आकडेवारीनुसार २०१५ मध्ये क्रोममध्ये उघडणाऱ्या पानांपैकी ३० ते ४५ टक्के पानं एचटीटीपीएसवर होती. २०२० च्या सुमारास हे प्रमाण ९५ ते ९९ टक्क्यांवर गेलं. रस्त्यातल्या चोरीविरुद्धची ही लढाई बहुतांशी जिंकली गेली आहे आणि त्यासाठी तुम्हाआम्हाला काहीच करावं लागलेलं नाही. स्टेशनच्या वायफायची पूर्वीइतकी भीती बाळगण्याचं आज कारण नाही.

अडचण अशी, की चोरांनीही तेच कुलूप लावून घेतलं. फिशिंगवर नजर ठेवणाऱ्या एपीडब्ल्यूजी या आंतरराष्ट्रीय गटाच्या अहवालांनुसार २०१८ च्या तिसऱ्या तिमाहीत ४९ टक्के बनावट पानांवर एचटीटीपीएस होतं, २०२१ च्या पहिल्या तिमाहीत ८३ टक्क्यांवर. पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मध्ये कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलं आहे हे ते सांगत नाही. गूगलने २०२१ मध्ये पाहणी केली तेव्हा या चिन्हाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलूप काढून तिथे सेटिंगचं साधं चिन्ह बसवलं. शंभरातल्या एकोणनव्वद जणांना खोटा दिलासा देणारं चिन्ह गेलं, हे मला योग्यच वाटतं.

म्हणून पाहायचा तो पत्ता, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि सरकारी पानासारख्या दिसणाऱ्या बनावट पानांबद्दल इशारे देण्याची वेळ आली. योजनेच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट आयएन' असा संपतो. 'जीओव्ही' हा शब्द पत्त्याच्या मध्ये कुठे तरी असणं पुरेसं नाही. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे आहे तेच खरं नाव. मध्ये 'जीओव्ही' आणि शेवटी भलतंच 'डॉट कॉम' असेल तर ते पान सरकारचं नव्हे. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेने हे काम आणखी सोपं केलं आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपले पत्ते 'डॉट बँक डॉट आयएन' या शेवटावर न्यावेत असा तिचा आदेश होता. ही शेपटी बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, मग तिला पीएम किसानचं नाव असो, आरटीओच्या दंडाचं किंवा लग्नपत्रिकेचं, उघडायचीच नाही. लग्नाचं आमंत्रण द्यायला फोनमध्ये अ‍ॅप बसवावं लागत नाही.

खासगी खिडकीबद्दल, म्हणजे इनकॉग्निटोबद्दल, गैरसमज फार आहेत. २०१८ मध्ये ४६० जणांच्या अभ्यासात ५६.३ टक्के लोकांना वाटत होतं की गूगल खात्यात लॉगइन असतानाही या खिडकीतला शोधाचा इतिहास साठवला जात नाही. ४०.२ टक्क्यांना वाटत होतं की संकेतस्थळाला आपलं ठिकाण कळत नाही. दोन्ही समज चुकीचे. ही खिडकी फक्त त्याच फोनवरची किंवा संगणकावरची नोंद पुसते. सेवा केंद्रात परीक्षेचा अर्ज भरताना तेवढ्यापुरती ती फार कामाची आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यातल्या तडजोडीत गूगलने या खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. गोळा झाल्या होत्या, म्हणूनच नष्ट करायच्या होत्या.

फुकट व्हीपीएनबद्दल एकच उदाहरण पुरे. ऑक्टोबर २०१३ मध्ये फेसबुकने ओनावो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. 'तुमची माहिती सुरक्षित ठेवू' असं सांगणाऱ्या तिच्या अ‍ॅपमधून लोक कोणती दुसरी अ‍ॅप किती वापरतात हे फेसबुकला कळत राहिलं. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये त्याबद्दल मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. भारतात तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं आहे. पैसे मोजून घेतलेल्या व्हीपीएनचे उपयोग आहेत, पण फेसबुकमध्ये लॉगइन करून बसलेल्या माणसाला व्हीपीएन फेसबुकपासून लपवू शकत नाही.

२,२३० कंपन्या

ब्राउझरमधून होणारी खरी गळती वेगळीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स आणि द मार्कअप या संस्थांनी ७०९ स्वयंसेवकांच्या फेसबुक नोंदी तपासल्या. एकूण १,८६,८९२ कंपन्यांनी त्यांच्याबद्दलची माहिती फेसबुकला पाठवली होती, सरासरी एका माणसामागे २,२३० कंपन्यांनी. माणूस फेसबुकवर नसतानाची ही माहिती: कोणतं दुकान पाहिलं, कोणतं अ‍ॅप उघडलं, काय विकत घेतलं. दुकानांच्या संकेतस्थळांवर बसवलेले अदृश्य तुकडे, म्हणजे पिक्सेल, आणि दुकानांनी थेट पाठवलेल्या ग्राहकयाद्या, असे दोन मार्ग. पिक्सेल ब्राउझर अडवू शकतो. याद्या कोणताच ब्राउझर अडवू शकत नाही, कारण त्या तुमच्या फोनवरून जातच नाहीत. दुकानाच्या बिलावर दिलेला मोबाइल नंबरच तिथे तुमची खूण असतो.

यामागचा व्यवहारही आकड्यांत आहे. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे ६८.४४ डॉलर मिळाले आणि आशिया-प्रशांत भागातल्या एका वापरकर्त्यामागे ५.५२ डॉलर, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या आसपास. बाराव्या हिश्श्याच्या किमतीला आपली माहिती जाते.

करायचं काय? सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी, म्हणजे पानावर दुसऱ्याच कंपन्यांनी ठेवलेल्या खुणा, पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सने जून २०२२ पासून त्या प्रत्येक संकेतस्थळापुरत्या कोंडून ठेवल्या. गूगलने क्रोममधून त्या काढून टाकण्याचा बेत वर्षानुवर्षं पुढे ढकलत अखेर सोडून दिला, त्यामुळे क्रोममध्ये त्या स्वतः बंद कराव्या लागतात. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'मेटाबाहेरची हालचाल' असा भाग आहे. तो एकदा उघडून पाहा. कोणकोणत्या कंपन्यांनी तुमच्याबद्दल कळवलं त्यांची यादी तिथे मिळते, ती पुसता येते आणि पुढची जोडणी तोडता येते. यादी वाचल्यावर बाकीचा उपदेश करावा लागत नाही.

मेहनत कुठे फळते

सगळ्यात मोठा फायदा मात्र ब्राउझरमध्ये नाही, तो लॉगइनच्या दुसऱ्या पायरीत आहे. गूगलने २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांबरोबर केलेल्या अभ्यासात एसएमएसने येणाऱ्या सांकेतिक आकड्याने यांत्रिक हल्ल्यांपैकी १०० टक्के, घाऊक फिशिंगपैकी ९६ टक्के आणि नेम धरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्के हल्ले थांबले. फोनवर 'तुम्हीच आहात का?' असं विचारणाऱ्या सूचनेने हे आकडे १००, ९९ आणि ९० वर गेले. एवढा परिणाम देणारा दुसरा फुकट उपाय मला माहीत नाही. आणि तो वापरतं कोण? ट्विटरने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यांच्या सक्रिय खात्यांपैकी २.३ टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर हाच उपाय सहा आकडी पिनच्या रूपात आहे. तो लावलेला असेल तर एसएमएसचा ओटीपी कुणाला चुकून सांगितला तरी खातं लगेच हातचं जात नाही.

पासवर्डचा हिशेबही करून ठेवू. एमएच-२१ च्या पुढचे गाडीचे चार आकडे म्हणजे १०,००० शक्यता. जन्मतारीख म्हणजे २९,२२०. मोबाइल नंबर म्हणजे ४०० कोटी, ऐकायला भरपूर, पण चोरलेल्या पासवर्डच्या यादीवर काम करणाऱ्या यंत्राला पुष्कळदा काही सेकंदांचं काम. आता दहा हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठी टाकून उचललेले, एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि रोमन अक्षरांत सलग लिहा. शक्यता होतात एकावर सोळा शून्यं. मोबाइल नंबरापेक्षा २५ लाख पट.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला सतत खुपत राहते. या सूचना 'ज्याचा फोन त्याचा' असं गृहीत धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्केच स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरलेलं होतं. ग्रामीण भागात चारातल्या एकीपेक्षाही कमी. आज हे प्रमाण नक्कीच वाढलं असणार, पण घरातला एकच स्मार्टफोन नवरा, मुलगा आणि सून यांच्यात फिरतो हे चित्र जालन्याच्या आसपासच्या गावांत आजही दिसतं. योजनेचा अर्ज बाईच्या नावाचा, ओटीपी मुलाच्या फोनवर, आणि आधार-पासबुकाचे फोटो भरून देणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. तिला 'मजबूत पासवर्ड ठेवा' हे सांगून काही होत नाही. तिच्या उपयोगाचं आहे ते असं: अनेक अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमधला एखादा संवाद वेगळ्या कुलपात ठेवता येतो. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे ते दिसतं. आणि अर्ज भरून झाल्यावर भरणाऱ्याने तिच्यासमोर कागदांचे फोटो पुसून दाखवावेत, हे तिने हक्काने मागावं.

कायद्याचा आवाका

२०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. केंद्र सरकारने संसदेत दिलेले हे आकडे. एका वर्षात तिप्पट. १४० कोटींनी भागलं तर डोई १६३ रुपये, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जालना शहराच्या वाट्याला साडेचार कोटींहून जास्त येतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर वेळेत फोन केल्यामुळे २०२१ पासून जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटी रुपये वाचले. सगळ्या वर्षांची ही बेरीज एकट्या २०२४ च्या नुकसानीच्या चौथ्या हिश्श्याएवढीही नाही. वाचले ते बहुतेक पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवलेले. फसल्याचं लक्षात आलं की लाज न बाळगता पहिल्या तासात फोन करावा. घरच्यांनीही त्या तासात रागावण्याऐवजी नंबर लावून द्यावा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला.  त्यातून पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कलम ३ नीट वाचायला हवं. व्यक्तीने घरगुती किंवा खासगी कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, आणि माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीलाही नाही. म्हणजे तुम्ही सर्वांसाठी खुली ठेवलेली पोस्ट आणि मामाने हौसेने टाकलेला तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, दोन्ही त्याच्या बाहेर. ३३५ माणसांच्या हिशेबातला सगळ्यात मोठा रस्ता कायद्याने मोकळाच ठेवला आहे. घराघरांत नियम घालणं सरकारला जमणारही नाही, आणि जमू नये. तो भाग ग्रुपच्या अ‍ॅडमिनने, घरातल्या थोरल्याने आणि फोटो टाकणाऱ्याने विचारून करायचा आहे.

संस्थांना मात्र सुटका नाही. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. शिकवण्यासाठी लागणाऱ्या कामापुरत्या शाळांना काही सवलती आहेत. पण दहावी-बारावीचा निकाल लागला की क्लासच्या जाहिरातीत मुलींचे फोटो, पूर्ण नाव, शाळा आणि टक्के छापून ते इन्स्टाग्रामवर चढवणं हे शिकवण्याचं काम नव्हे. नियमांमधल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. जूनमध्ये नव्या वर्षाचे प्रवेश असतात. नवीन जालन्यातल्या शाळांनी आणि क्लासनी आपल्या अर्जांवर फोटोसाठीच्या संमतीचा स्वतंत्र रकाना आताच घालावा, आणि त्यात 'नाही' वर खूण केली म्हणून कुणाचा प्रवेश अडवू नये.